मनगटावरचं बडोदं

बुधवार, संध्याकाळ. बोटीवर अकरावा दिवस.

आज पुन्हा दिवसभर काहीच केलं नाही, तरी अंग आंबून गेलंय. काही न करण्याचाही इतका शीण येतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या केबिनमधल्या करजणच्या जिग्नाबेन रोज म्हणतात, "आराम करो ने, बेन!" करतेच आहे की. आणखी किती करू?

बोटीवरची घड्याळं काल पुन्हा तासभर मागे केली. ह्यांनी आपलं लगेच केलं. माझं मनगटावरचं मात्र निघाल्या दिवसापासून बडोद्याच्याच वेळेवर आहे. ह्यांना त्याचं हसू येतं. परवा म्हणाले, "अगं, घरी आता कोण वाट बघतंय?"

खरंच, कोण? सासूबाईंना जाऊन सहा महिने झाले. नऊ वर्षं त्या अंथरुणाला खिळलेल्या. बडोद्यातलं तरसालीचं घर सोडून आम्ही दोघं मिळून साधं भाचीच्या लग्नालाही गेलो नाही. म्हणून तर ही सफर. मग घड्याळ का बदलवत नाही मला? हट्ट म्हणायचा का हा?

आज चारचा चहा घेत डेकवर बसलो होतो. नजर जाईल तिथवर पाणी. ह्यांनी कप खाली ठेवला. मग एकदम म्हणाले, "बडोद्याला किती वाजले गं?"

मी मनगट बघितलं. "साडेसात."

"आईची गोळी..." म्हणत हे खुर्चीतून अर्धे उठलेसुद्धा.