कोऱ्या ओळी

बेळगाव, कॅम्प. मार्गशीर्ष, गुरुवार.

…अंगण सारवून काल सकाळी तांदूळ निवडायला बसले होते. ओसरीवर आमचा भाडेकरू पेद्रू कागदावर सूर मांडत होता. तो गोऱ्यांच्या नाचाला ट्रंपेट वाजवतो. कागदावर मधेच दोन ओळी कोऱ्या दिसल्या. म्हटलं, "काय रं, कंटाळलास व्हय? अर्धंच लिवलंस."

तो हसला. "आक्का, हे जाझ. कुणी कधी यायचं, मागं साथ कुणी धरायची, तेवढं मी लिहितो. कोरी जागा वाजवणाऱ्याची. त्या घडीला सुचेल ते तो तिथं वाजवणार. तेही मीच लिहिलं, तर त्या बापड्याला काय नुसतं फुंकायला बोलवायचं?"

माझा हात सुपातच राहिला.

ह्यांची वही आठवली. हे लग्नाच्या ब्यांडात क्लॅरिनेट वाजवायचे, चाली स्वतः बांधायचे. प्रत्येक चालीत एक ओळ कोरी. मी टोमणे मारायची, "तुमचं सगळंच अर्धवट." ते गेल्यावर मी त्या कोऱ्या ओळी भरल्या, वरचेच सूर पुन्हा उतरवून. वही पुरी केली म्हणून केवढी मिरवले! आणि शाईनं लिहिलेलं, आता पुसताही येत नाही. त्यांची वाजवायची जागा होती ती. ते असताना एकदाही विचारलं का नाही मी?

आज सकाळी खळ शिजवली आणि मी लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर कोऱ्या कागदाची पट्टी चिकटवली.