होतंय की

१७ ऑक्टो. २००२
केरबाअण्णा आज पुन्हा कुरुंदवाडहून आले. उसाच्या घाण्याचे त्यांचे रोलर फौंड्रीतून लेथवर कातून घ्यायला दसऱ्याआधी आलेत, अजून आमच्या वर्कशॉपच्या दारातच पडून. दिवाळी झाली की गुऱ्हाळं पेटणार. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाले, "वहिनी, ह्या टायमाला चुकलं तर फुडचं काम सांगलीला." सासऱ्यांपासूनचं गिऱ्हाईक. वर्कशॉप निम्मं त्यांच्यावर चालतं. ह्यांचं उत्तर ठरलेलं: "होतंय की."

२१ ऑक्टो.
रोलर लेथवर चढला. दुपारी उतरलाही! मोटर बंद पडली म्हणून एक शेतकरी आला, हे विरघळले. त्याचं झालं, रोलर परत चढवा, परत सेंटर लावा. तोवर ट्रॅक्टरवाला हजर. त्यालाही "होतंय की".

२३ ऑक्टो.
भांडण. ह्यांना दुसरा लेथ घ्यायचाय. म्हटलं, त्याच्यापुढंही रांगच लागेल. कापायला वेळ लागतच नाही, माल पडून राहतो नाहीतर चढ-उतार करतो. तर म्हणे, "लांबनं आलेल्या पावण्याला न्हाय म्हणायचं कसं?" माणूस चांगला आहे, घोळ तिथंच आहे.

२५ ऑक्टो.
ठरलं. चढलेला रोलर पुरा झाल्याशिवाय उतरवायचा नाही. आल्यागेल्याशी मी बोलायचं, ह्यांनी मान वर करायची नाही. आज दोघांना पुढची तारीख दिली. एक तर तोंड वाकडं करून गेला.

२९ ऑक्टो.
दादा आला. माझा सख्खा भाऊ. गारगोटीहून एसटीनं, भातगिरणीची मोडकी शाफ्ट पोत्यात गुंडाळून. गिरणी बंद, सुगी तोंडावर. लेथवर अण्णांचा शेवटचा रोलर. ह्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी सांगितलं, परवा सकाळी पहिलं काम तुझं. फारच घाई असेल तर पलीकडच्या गल्लीतल्या वर्कशॉपात करून देतील, मी येते बरोबर. दादाला आधी थट्टाच वाटली. मग शाफ्ट उचलली.

"भणीच्या दारातनं दुसऱ्याच्या दारात जाऊ व्हय मी?"

चहा तसाच राहिला. हे मागं धावले, तो थांबला नाही. आता हे मला बोलणार असं वाटलं, पण ह्यांनी लेथ सुरू केला. मी आत जाऊन रडले.

१ नोव्हें.
रोलर गेले. अण्णा खूश, पुढच्या हंगामाचंही बोलून गेले. हे दिवसभर शीळ घालतायत. मला मेलं सुख नाही. गारगोटीला फोन लावला, वहिनीनं उचलला. शाफ्ट तिथंच कुणीतरी करून दिली, गिरणी चालू झाली. दादा बाहेर गेलाय म्हणाली. मागून त्याचं खोकणं ऐकू येत होतं.

६ नोव्हें. भाऊबीज
दादा दर वर्षी सकाळच्या पहिल्या गाडीनं येतो. आज तीही आली, दुपारचीही आली, तो नाही. हे दोनदा स्टँडवर जाऊन आले, मी सांगितलं नव्हतं. आता म्हणतात, तूच चल, गाडी काढतो, तिथं जाऊन ओवाळ. साडी नेसून बसलेय. जायला काही वाटत नाही, माझं चुकलंय की नाही तेच कळत नाही. पण तो संध्याकाळच्या गाडीनं निघाला असला, वाटेत चुकामूक झाली, आणि इथं येऊन दाराला कुलूप बघितलं तर काय समजेल?