सी हॉक १८२ कोणाकडे जाईल

मी, सांडू भागाजी नरवडे, वय ७१, मूळ गाव पाचोड, तालुका पैठण, सध्या राहणार सिडको एन-नऊ, छत्रपती संभाजीनगर. आधी नौदलातून आणि मग वाळूजच्या एका कारखान्याच्या पेंट शॉपमधून निवृत्त. हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने आणि बऱ्यापैकी संतापात लिहून ठेवतो. संतापाचा उल्लेख काढा, असं माझ्या वकील संध्या मगरे म्हणाल्या. मी तो काढणार नाही. डॉ. महेजबीन सिद्दीकी यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे हात थरथरतात पण डोकं शाबूत आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. कोणाला माझ्या डोक्याबद्दल शंका घ्यायची असेल तर त्याने आधी तो वाचावा.

१. एन-नऊमधलं राहतं घर माझ्या कष्टाचं आहे. ते आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या पश्चात पत्नी सौ. साळूबाई हिचं. तिच्या हयातीत घर विकण्याचा, भाड्याने देण्याचा किंवा जेवताना त्याचा विषय काढण्याचा अधिकार कोणालाही नाही. हे चिरंजीव सुयश याला उद्देशून आहे. मी जिवंत असताना तो पुण्याहून आला आणि मागची खोली टेपने मोजून गेला. त्या खोलीत माझं कामाचं टेबल आहे. बाबांची खेळणी एका खोक्यात बसतील, असं तो आईला म्हणाला. मी बहिरा नाही. साळूबाईनंतर घर त्याला मिळेल, मापं त्याच्याकडे आहेतच.

२. पाचोडच्या जमिनीतला माझा हिस्सा धाकटा भाऊ गोकुळ याला. तिथली मोसंबी त्याने वाढवली, ती त्याचीच. मात्र सुयशच्या लग्नात हाच गोकुळ भर पंगतीत म्हणाला, "आमचा दादा लई मोठा माणूस. नेव्हीत इमानं पुसायचा." पाहुणे हसले. त्यांच्याबरोबर मीही हसलो, त्याची मला अजून लाज वाटते. नऊ वर्षं मी दाबोळीला आणि विक्रांतवर सी हॉक विमानांचा मेकॅनिक होतो. एकशे ब्याऐंशी नंबरचं विमान माझ्याकडे होतं. माझी सही झाल्याशिवाय ते उडत नसे, आणि माझ्या सहीनंतर उडालेलं ते प्रत्येक वेळी परत आलं. पुढे ते निवृत्त झालं, त्याचं काय झालं ते मला कोणी कळवलं नाही. जमीन नावावर करताना गोकुळने हे कलम तलाठ्यासमोर मोठ्याने वाचावं, अशी अट आहे.

३. माझा एअरब्रश, कॉम्प्रेसर, ब्रश, भिंग आणि रंगांच्या बाटल्या सून सौ. संस्कृती हिला. या दिवाळीच्या साफसफाईत हिने कपाटातलं माझं सी हॉकचं मॉडेल ओल्या फडक्याने पुसलं. ते मी तीन महिने खपून मळवलं होतं. पंखाच्या मुळाशी, जिथून इंजिनाचा धूर निघतो, तिथे काजळीचे पट्टे होते. पत्र्याच्या सांध्यांत पातळ केलेला काळपट तेलरंग होता. वरचा करडा रंग खाऱ्या वाऱ्याने विटतो तसा विटवला होता. समुद्रावरचं विमान शोरूममधल्या गाडीसारखं दिसत नाही. संस्कृतीने दहा मिनिटांत ते तसं केलं. मी इतका ओरडलो की शेजारचे गच्चीवर आले. सुयश म्हणाला, धूळच तर होती. संस्कृतीने मात्र विचारलं, "बाबा, ही घाण तुम्ही मुद्दाम लावली होती? कुठली कुठे होती?" इतक्या वर्षांत या घरात हा प्रश्न विचारणारी ती पहिली. मग आठ दिवस मी सांगत गेलो आणि तिने काजळी परत लावली. डावीकडे जरा जास्त झाली आहे, ती तशीच राहू द्यावी. एअरब्रश थिनरने न धुता ठेवलेला मला चालणार नाही, मेल्यावरही.

रंग असा सहज निघाला कारण त्यावर शेवटचा मॅट क्लिअर, म्हणजे रंग धरून ठेवणारा बिनचमकीचा पारदर्शक थर, मारलेला नव्हता. नऊ वर्षं तो का मारला नाही, ते आता लिहितो.

४. अन्सार पठाण. वाळूजला वीस वर्षं माझ्या शेजारच्या बूथमध्ये होता. गाडीच्या टाकीवर पट्टे बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. निवृत्तीनंतर त्याने गुलमंडीजवळ रेडियमचं दुकान टाकलं. २०१६ साली माझ्या विमानाच्या नंबरचे डेकल, म्हणजे पापुद्र्याएवढे पातळ स्टिकर, त्यानेच छापून दिले. डेकल पाण्यात भिजवून कागदावरून अलगद विमानावर सरकवायचं असतं. एकदा पाण्यात टाकलं की ते माघारी जात नाही; बसवायचं, नाहीतर वाया घालवायचं. आणि खरखरीत मॅट रंगावर ते बसवायचं नसतं. आधी चकचकीत क्लिअरचा हात मारून सुकवायचा, नाहीतर खाली हवा अडकते आणि नंबरभोवती पांढरे चट्टे दिसतात. हे या कामात पहिल्या दिवशी शिकवतात.

नौदल दिनाला, चार डिसेंबरला, माजी सैनिकांचं प्रदर्शन होतं. आदल्या दिवशी मी घाई केली आणि क्लिअर मारला नाही. प्रदर्शनात दिव्याखाली चट्टे चमकायला लागले. एका निवृत्त अधिकाऱ्याने विचारलं, हे काय? मी सगळ्यांसमोर अन्सारकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, याचा माल भिकार आहे. अन्सारने पंखावरून एकदा बोट फिरवलं. तो एवढंच म्हणाला, "होईंगा, सांडूभाई." आणि निघून गेला. घरी येऊन मी ते डेकल नखाने खरवडून काढले. शेवटचा मॅट क्लिअर नंबर बसल्यावर मारायचा असतो; नंबरच नाही, म्हणून तोही राहिला.

त्यानंतर नऊ वर्षं मी भेटेल त्याला सांगत आलो की अन्सारचा माल भिकार. मॉडेलं करणारे त्याच्याकडे जायचे बंद झाले. मला त्याचा राग येतो तो या गोष्टीचा, की सांडूने क्लिअर मारला नव्हता, हे तो एकदाही कोणाला म्हणाला नाही. म्हणाला असता तर आम्ही कडकडून भांडलो असतो आणि पंधरा दिवसांत मिटलं असतं. त्याने गप्प बसून मला नऊ वर्षं खोटं बोलू दिलं. हा राग खरा माझ्यावरचा आहे, हे मला कळतं. कळल्याने तो कमी होत नाही.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या फाटकाला एक लिफाफा अडकवलेला होता. मी तो फोडला नाही आणि फेकलाही नाही. हे कलम लिहायचं म्हणून काल फोडला. आत नंबरचे नवे डेकल आहेत. शिवाय कॉकपिटखाली लावायची, तांदळाच्या दाण्याएवढी एक ओळ आहे: एस. बी. नरवडे. त्या जागी वैमानिकाचं नाव असतं, मेकॅनिकचं नसतं. हे नियमाबाहेर आहे. मी रडलो. साळूबाईने पाहिलं, म्हणून लपवत नाही.

सबब विमान, त्याचा स्टँड आणि हा लिफाफा माझ्या पश्चात अन्सारला द्यावा. नंबर त्यानेच लावावा, माझ्या हाताने तो आता वाकडा बसेल. नावाची ओळ लावू नये.

५. साक्षीदार म्हणून मी अन्सारचंच नाव सुचवलं होतं. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याला साक्षीदार करू नये, पुढे वाद होतात, असं संध्याताईंनी सांगितलं. हे सगळं तुमच्या मृत्यूनंतरच अमलात येईल, असंही त्या म्हणाल्या. साळूबाई तिथेच बसली होती. ती म्हणाली, "तवर तुमी दोघं ऱ्हाताल का?" मी तिच्यावर चिडलो. अन्सार माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आहे.

६. (हे कलम नंतर पेनाने लिहिलं आहे. अक्षर वाकडं आहे, पण माझंच आहे.) कलम चारमधलं दान रद्द. बाकी मजकूर खरा आहे, तो खोडू नये. चार डिसेंबरला मी विमान मांडीवर आणि तो लिफाफा खिशात घेऊन रिक्षाने गुलमंडीला गेलो. दुकानातल्या तीन गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने सांगितलं, की माल चांगला होता, क्लिअर मी मारला नव्हता. अन्सार म्हणाला, "मालूम है. उंगली कू लगा था." त्याने विमानावर चकचकीत क्लिअरचे दोन हात मारले, चार दिवस सुकवलं आणि मला जवळ येऊ दिलं नाही. आज सकाळी नंबर बसला. एकही चट्टा नाही.

विमान मी त्याला हयातीतच देऊन टाकलं आहे, आमच्या कपाटात कोणी शोधू नये. या मृत्युपत्रातून त्याला आता काहीही मिळत नाही, त्यामुळे खाली त्याची सही चालते. नावाची ओळ लावायची नाही, असं मी त्याला पुन्हा बजावलं. तो म्हणाला, "पानी में डाल दिया मैं."

लिहून ठेवणार: सांडू भागाजी नरवडे (सही)

माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही करणारे साक्षीदार:
१) डॉ. महेजबीन सिद्दीकी (सही)
२) अन्सार पठाण (सही)

ठिकाण: पठाण रेडियम, गुलमंडीजवळ, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ८ डिसेंबर २०२५