रबराच्या पट्टीच्या खिडक्या

२ मे
झालं! खिडक्या बसल्या एकदाच्या. गेल्या मेमधल्या वादळात आमच्या खिडकीची फळी उडून शेजारच्या इस्तारीभाऊंच्या अंगणात पडली, तेव्हापासून यांनी ध्यास घेतला होता. दुहेरी काच, कडेला रबराची पट्टी. दारही तसंच. "मुंगी बी शिरणार नाई! बिल अर्ध्यावर येते का नाई पाय."
करिष्मा पहिल्या बाळंतपणाला येते आहे, नागपूरच्या एसीतून. आमच्या मूल गावच्या उन्हात पोरगी टिकली पाहिजे, नाहीतर सासरचे चौथ्या दिवशी परत नेतील. मला तेवढीच काळजी.

४ मे
करिष्मा आली. आठवा लागलाय. चेहरा उतरलाय, प्रवासाने असेल.

५ मे
अरे देवा! जुन्या खिडकीत कूलर बसायचा. नव्या खिडकीची मापं घेताना कूलर कुणाच्या डोक्यातच आला नाही! म्हणून तो खोलीत ठेवला, आणि खिडक्या-दार गच्च. तासाभरात चादरी ओल्या, पापड सादळले, आम्ही तिघं पातेल्यातल्या भातासारखे शिजलो. तरी हे म्हणतात, "हवा गळून राह्यली कुठूनतरी."
यांच्या डोक्यातून गळते. तोंडावर नाही बोलले, इथे लिहिते.

६ मे
करिष्माने उठून मागची खिडकी उघडली. पाच मिनिटांत घाम सुकला! इस्तारीभाऊ तळ्यातले मासे द्यायला आले होते, हसून हसून खाली बसले. "देवानंद, कूलरच्या हवेले बाहेर जायाले वाट पायजे ना गा!" यांनी उठून कूलर उचलला.
आता कूलर बाहेर ओट्यावर, तोंड एका खिडकीत. समोरची खिडकी वीतभर उघडी. पोरगी माझ्यावर गेली, हुशार आहे.

९ मे
पण हुशारीलाही काही माप? वीतभर नाही, सताड उघडते. कूलर बंद असला तरी उघडते. दुपारची लू, भाजणारी झळ, सरळ आत! बाप लावतो, लेक उघडते. मी मधे बसून तांदूळ निवडते.

१३ मे
वादळ! पाचच्या सुमाराला आलं. इस्तारीभाऊंच्या छपराचे टिन उडाले. ते आणि त्यांची बायको कमळाबाई धावत आमच्याकडे आले. आमची काच हललीसुद्धा नाही. कमळाबाई म्हणाली, "बाहेर काई होऊन राह्यलं असं वाटतच नाई वो!" हे फुगून टम्म. मीही मनातल्या मनात त्या रबराला हात जोडले.
तेवढ्यात करिष्माने खिडकी उघडली. भर वादळात! गादी भिजली, पाणी घरभर. हे ओरडले, हात वर करून. मारायला नाही, कडी लावायला. तर पोरगी दोन्ही हातांनी डोकं झाकून कोपऱ्यात बसली.
या माणसाने तिला आजवर बोट लावलेलं नाही. मला भीती वाटते आहे.

१४ मे
आज विचारलंच. काऊन उघडतं सारखी?
"तिकडच्या घरी बी अशाच खिडक्या हायेत, आई. लावल्या का मी किती बी वरडली तरी शेजारी आयकू जात नाई."
हे दारात उभे होते. जावयाला फोन लावला. मला वाटलं, शिव्या घालतील. "पोरगी आता इथीच राह्यल. लेकरू बी." एवढंच बोलून ठेवला.
मग एकेक करून घरातल्या सगळ्या खिडक्या उघडत गेले. लू आत येते आहे. येऊ दे.