चांदीच्या टोपीतलं वाघनख

आत्या,

डोंगरात वाघ आलाय. थापा मारत नाही. येडशीच्या रानात, रामलिंगाच्या वरल्या अंगाला, खरा चार पायांचा पट्ट्यापट्ट्यांचा वाघ फिरतोय, पार विदर्भातनं चालत आला म्हणतात. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "कशाला आला असंल मेला, इथं माणसालाच प्यायला पाणी न्हाय." सासूला आत्या म्हणायची आपल्यातली रीत, म्हणून आत्या म्हणते. मायेचं काही नाही त्यात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आपलं पटलं नाही ते नाहीच. पण ही गोष्ट तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही, म्हणून गुडघे दुखत असताना पाटावर कागद घेऊन बसलेय. दुसरीपर्यंतची शाळा, अक्षर कोंबडीच्या पायासारखं. तुम्हाला तर तेवढंही येत नव्हतं, त्यामुळं चुका काढणार कोण.

गावात दिवस मावळला की दारं लागतात. ओढ्याकडंला एक कालवड गेली, तेव्हापासनं ज्वारीला पाणी द्यायला गडी मिळत नाही. मला ह्या भ्यालेल्या लोकांचा कंटाळा आलाय. अहो, जन्मभर वाघाच्या संगतीत काढला की आपण. देवीच्या कॅलेंडरात वाघ, वेशीवरच्या दगडात वाघ, खंडोबाच्या वाघ्याच्या गळ्यात भंडाऱ्याची पिशवी, ती वाघाच्या कातड्याची. आणि नुसता वाघच कशाला, आपल्या घरात अख्खं रान होतं. सातव्या महिन्यात तुम्ही साळिंदराच्या काट्यानं माझा भांग पाडला, टाळूवर रक्त आलं तरी थांबला नाहीत. उचकीला मोरपिसाची राख मधातनं. तुमचे धाकटे दीर घोरपडीच्या कातड्याची दिमडी वाजवायचे, आणि ते कातडं चुलीपुढं शेकायचं काम माझं. अस्वलवाला दरवेशी दारात आला की म्हणायचा, "माई, बाल ले लो, बच्चा नींद में डरता नई." तुम्ही म्हणायच्या, "आधी त्याला पोटभर घाल की रं, त्याचं केस आपणहून गळायलेत." आणि एवढं बोलून केस घ्यायच्याच. तांब्याच्या ताइतात घालून माझ्या पोरीच्या दंडाला बांधायच्या. झोपेला अस्वल, बाळंतपणाला साळिंदर, उचकीला मोर, धाडसाला वाघ. ज्याला त्याला काम वाटून दिलेलं. जितं जनावर दिसलं की आपण धोंडे घेऊन मागं लागायचो आणि मेलं की गळ्यात बांधायचो. हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. आता बसल्या बसल्या येतं, बाकी काम काय आहे मला.

सगळ्यात वरचा मान तुमच्या वाघनखाचा. दोन लेकरं पाळण्यातच गेल्यावर तुम्ही ते एका फिरस्त्याकडनं घेतलंत, पायातली जोडवी आटवून त्याला चांदीची टोपी घातलीत, आणि मग माझे मालक जन्मले ते जगले. तुम्ही हे इतक्यांदा सांगितलंय की मीच ते पाहिलंय असं मला वाटतं. घरातल्या प्रत्येक पोराच्या गळ्यात ते फिरलं. दर आइतवारी तुम्ही ते वाटीत धुणार आणि ते पाणी पोराला पाजणार. एकदा थोरल्याला न्हाऊ घालताना मी ते काढून कोनाड्यात ठेवलं. तुम्ही भाकरी टाकत होतात. हातातलं उलथणं तसंच माझ्या दंडावर बसलं. "वाघ कोनाड्यात ठिवतीस व्हय गं? पोर उघडं पडलं की." डाग आहे अजून. आणि सोनाराच्या हातात ते कधी द्यायचं नाही, अशी तुमची सक्त ताकीद. टोपी सैल झाली, मालक म्हणाले सोनाराकडं टाकून येतो, तर तुम्ही तीन दिवस त्यांच्याशी बोलला नाहीत.

आता ऐका. माझा नातू वन खात्यात गार्ड लागलाय. वाघाच्या वाटंवर कॅमेरे बांधायचे, ठसे मोजायचे, लोकांना ओरडायचं, ही त्याची नोकरी. लई वर्षं परीक्षा देऊन मिळाली. मागच्या महिन्यात त्याची बायको बाळ घेऊन माझ्याकडं राहायला आली. रानाच्या कडंला सरकारी खोलीत तिला एकटीला भ्या वाटतं. पोरगी सारखी दाराकडं बघते, फोन वाजला की दचकते. मी पेटीतनं नख काढलं, धुतलं आणि बाळाच्या गळ्यात बांधलं. त्या रात्री ती नीट झोपली. बाळ तर आधीपासनंच झोपत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नातू जेवायला आला. अंगात खाकी, बाळाला उचललं आणि तसाच उभा राहिला.

"आजी, हे काय हाय?"

"डोळं गेलं का? तुझ्या बी गळ्यात होतं."

"आजी, हे घरात सापडलं तर मला आत टाकतील. दुसऱ्याच्या घरात सापडलं तर मलाच जाऊन धरावं लागंल. नोकरी तर गेलीच म्हणून समज."

"तुझ्या पणजीनं आणलंय. तिला धर जा."

तो हसला नाही. ताट तसंच राहिलं. म्हणाला, उद्या सकाळी स्वतः नेऊन साहेबांपुढं ठेवतो, म्हातारीच्या पेटीत निघालं म्हणून सांगतो, पुढं जे होईल ते होईल. त्याचं तोंड बघवत नव्हतं. मी म्हटलं, ने. पण चांदी माझ्या सासूच्या पायातली आहे, ती सरकारची नाही. तेवढी काढून देते.

पकड घेऊन ओसरीवर बसले. टोपी सहज निघाली. आत बुडखा सपाट, त्यावर करवतीच्या रेघा. मी विळ्याच्या टोकानं जरासं खरवडलं तर पापुद्रा वळून हातात आला. पोळ्याच्या आधी जन्मभर बैलांची शिंगं तासून साळलीत मी. तो पापुद्रा डोळे झाकून ओळखीन. आत्या, तुमचा वाघ बैल निघाला.

नातवाला दाखवलं. त्यानं उजेडात धरलं, बुडखा बघितला, वास घेतला, आणि उंबऱ्यावर मटकन बसला.

"म्हंजे गुन्हा न्हाय?"

"झाला असंल तर बैलाचा."

मग हसला, डोळे पुसत हसला, आणि गार झालेली भाकरी सगळी खाल्ली. तेवढ्यात आतनं नातसून म्हणाली, "आजी, ते परत बांधताव न्हवं? ह्यांची आज रानातली पाळी हाय." नातवानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं.

टोपी परत बसवायला घेतली तेव्हा आत वाळलेली लाख दिसली. खाली काळी, जुनी. तिच्यावर दुसरा थर, लाल, आणि त्यात मोहरीएवढा आरशाचा तुकडा. मामंजींनी तुम्हाला हैदराबादहून लाखेच्या बांगड्या आणल्या होत्या, आरसे लावलेल्या. आणि मग तो दिवस आठवला. मालकांशी अबोला धरलात ना, त्यातलाच. तुम्ही चुलीपुढं बसलाय, एक धड बांगडी फोडून पळीत वितळवताय, मी दारात आले तशी पळी पदराआड घेतलीत. "लाकडं बघ जळणाची. माझ्याकडं काय बघतीस." मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

म्हणजे टोपी सुटली तेव्हा तुम्ही आत पाहिलं होतंत. करवतीच्या रेघा तुम्हालाही दिसल्या. तरी चिकटवलंत, गळ्यात घातलंत, आणि उलथणं मारलंत ते त्याच्याही नंतर. आधी मला राग आला. दंडावरचा डाग चोळत बसले. मग तोही दमला. दोन लेकरं मातीत गेलेल्या बाईनं तिसऱ्याच्या गळ्यातलं काढून फेकायला हवं होतं, असं कुणाच्या तोंडानं म्हणू? पण एकदा मला सांगायचं होतंत. दोघींनी मिळून ओझं वाहिलं असतं. तुम्ही मेल्यानंतर एवढी वर्षं मी एकटी त्या शिंगाला दर आइतवारी आंघोळ घालत राहिले.

माझ्याकडं लाख नाही. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन लावून टोपी बसवली आणि नातसुनेच्या हातात दिली. तिनं डोळ्याला लावली. मी म्हटलं, जरा जपून, न्हाऊ घालताना काढू नकोस. तुमचाच आवाज निघाला माझ्या तोंडातनं, आणि मला अजिबात आवडला नाही.

हा कागद कुठं पाठवणार? उद्या चुलीत जाईल, पाणी तापंल. एवढंच राहिलं सांगायचं. परवा पहाटे बाळाची दुपटी दोरीवर घालायला अंगणात गेले, तर डोंगराकडनं एक आवाज आला. वाघाचाच. रोज ज्यांना भित्रे म्हणते त्यांच्यासारखीच थिजून उभी राहिले. मग कळलं, बाळाच्या गळ्यातलं ते मी घरातनं निघतानाच काढून आणलं होतं, आणि ते माझ्या मुठीत होतं.