गिरणीत माझी चेष्टा बंद झाली

हडर्सफील्ड, बुधवार

प्रिय टॅबिथास,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. गुडघे कसे आहेत? दुखतच असतील, समुद्राकाठी राहायला निघालीस तेव्हाच मी सांगितलं होतं. आम्ही ठीक.

तर आमच्या चिरंजीवांना (मास्तर झाल्यापासून तो जेवतानाही शिकवतो) रविवारी शोध लागला. चेष्टा करण्याला आपण 'टीझ' म्हणतो ना, तो शब्द म्हणे मुळात लोकरीचा. आधी लोकर ओढून मोकळी करायची, विणलेल्या लोकरी कापडावर काटेफळं फिरवून लव उभी करायची, आणि मग कधीतरी लोक माणसांनाच ओढायला लागले. मी म्हटलं, बटाटे वाढ. जन्म गेला माझा त्या काट्यांच्या यंत्रावर, मला काय सांगतो?

पण ते डोक्यातून जाईना. कारण काट्यांवर आम्ही धड कापडच घालतो. विरलेलं घातलं की फाटतं, म्हणून ते बाजूला काढतात. आणि टॅबिथा, गेल्या आठवड्यापासून गिरणीत माझी कोणी चेष्टाच करत नाही.

झालं एवढंच, की ओलं कापड ओढताना मी पडलो. वाटलं, आता विली डायसन सुटणार. हा आमचा मुकादम. दाढीवरून मला बोकड म्हणतो. (एलनवहिनीच्या मयताला सगळे हळू आवाजात बोलत होते, तेव्हा हा म्हणाला, "बोकडा, रडून भिजली ती दाढी पिळ आता." तेवढ्यानेच मला बरं वाटलं होतं.) तर हा धावत आला नि म्हणतो, "जेबेझकाका, लागलं का हो? बसा जरा." काका! बसा! मी म्हटलं, "तुझ्या बापाला बसव." कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम चहा सांडला, तर एका पोरीने मुकाट्याने पुसून दिला. आता कळलंय की शनिवारी मला भिंतीवरचं घड्याळ देणार आहेत. घड्याळ दिलं की माणूस घरी. घरी बसून मी काय करू, पोराकडून शब्द शिकू?

तुझा भाऊ,
जेबेझ

ता. क. शनिवारी दुपारच्या गाडीने ये. गिरणीत सगळ्यांसमोर माझी यथेच्छ अब्रू काढ. लग्नाच्या सकाळी मी निळ्या रंगाने भरलेल्या हौदात पडलो होतो तेही सांग. तू सुरू केलंस की विलीला राहवणार नाही.

ता. क. दुसरा. मला बघितल्यावर तुलाही चेष्टा करवली नाही, तर काही बोलू नकोस. नुसती शेजारी उभी राहा. मी घड्याळ घेईन.