घमेल्यावरचा हळद्या

मंगळवार, वैशाख. संध्याकाळ.

आज हळद्या आला! आठवडाभर परसात, आंब्याखालच्या पाण्याच्या घमेल्यासमोर मोबाईल धरून बसतोय. पुण्याच्या नातीला फोटो हवाय. आजोबांचा पिवळा पक्षी खोटा, असं म्हणते लबाड.

भर उन्हात तो घमेल्याच्या काठावर उतरला. काय ते हळदीचं अंग! मी बटण दाबलं आणि चौथीतली पाखरांची कविता आपोआप तोंडातून सुटली. तीही मोठ्यानं.

दारातून आमची ही ओरडली, "अवो, गप बसा! पाखरू पानी प्यायला आलंय, कविता ऐकायला नाय!"

उडालाच. चहापर्यंत बोलणी खाल्ली. पण कवितेनं पक्षी उडतो? मनाला लागून राहिलं.

मग मोबाईल उघडला. फोटो नाहीच, चुकून व्हिडिओ निघालेला! त्यात हळद्या घमेल्यावर मान तिरकी करून माझं अख्खं कडवं ऐकतोय. उडाला तो हिच्या ओरडण्यानं!

तिला दाखवला. दोनदा पाहून म्हणाली, "पाठवा पोरीला. पन माझा आवाज तेवढा काढा."

ते मला येत नाही. येत असतं तरी काढला नसता.